सशाचे मागचे पाय अचानक गेले: गादी सरकली म्हणायची की आणखी काही?

सायली_ठाणे
आमच्याकडे सहा वर्षांचा पांढरा ससा आहे, पिठू. परवा संध्याकाळपासून त्याचे मागचे पाय घसटताहेत. पुढच्या पायांवर अंग ओढत येतो. कोथिंबीर दिसली की तोंड मात्र पहिल्यासारखंच चालू. पडला, आपटला असं घरात कुणीच पाहिलेलं नाही. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. कमरेपाशी दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली दिसतेय, गादी सरकली असावी, असं डॉक्टरांचं म्हणणं. त्यांच्याकडे मुख्यतः कुत्री-मांजरंच येतात, हेही त्यांनीच सांगितलं. स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय, आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर "पुढचा विचार करावा लागेल" म्हणाले. तेव्हापासून घरात कुणाचं लक्ष कशात नाही.
माझा प्रश्न एवढाच: एक्स-रेवरून गादीचं निदान पक्कं धरायचं का? आणि स्टिरॉइड द्यायचं का? ज्यांनी यातून ससा काढलाय त्यांनी कृपया लिहा.

रानजाई
सायली, आधी सांग, शू होतेय का? लेंड्या पडताहेत का? मागचे पाय गेलेल्या सशाचं मूत्राशय तुंबलं तर ते पायांपेक्षा जास्त घाईचं. खालून ओलं दिसतंय म्हणजे शू होतेय असं धरू नकोस. पिशवी गच्च भरली की वरच्या वर थेंब थेंब ओघळतं, तेही ओलंच दिसतं.

सायली_ठाणे
खालून ओलं असतंच. लेंड्या कमी आणि बारीक आहेत. पोट दाबून बघायची भीती वाटते.

रानजाई
दाबूच नकोस! आजच्या आज डॉक्टरांकडून मूत्राशय तपासून घे आणि ते रिकामं कसं करायचं हे त्यांच्यासमोर, तुझ्या हाताने करून शिकून घे. चुकीच्या जोराने पिशवीला इजा होते. न्यायचा कसा, तर तळ सपाट असलेल्या खोक्यात, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावून. मांडीवर घेऊन रिक्षाने नको, आपल्याकडच्या खड्ड्यांतून तर नाहीच.

अण्णा_देवरुख
सायली बाळा, घाबरू नकोस. निर्गुंडीचं तेल कोमट करून कमरेला हलक्या हाताने लावून बघ. आमच्याकडे गुरांना, माणसांना, सगळ्यांना गुण येतो. ससा नाजूक जनावर आहे, त्याला शेक चांगला मानवेल.

पशुवैद्य_वाई
अण्णा, तुमचा जिव्हाळा पोचला, पण तेल नको. ससा दिवसभर अंग चाटतो, लावलेलं सगळं पोटात जातं. आणि आत हाड मोडलेलं असेल तर चोळण्याने मज्जारज्जूला आणखी धक्का बसेल.

सायलीताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. साध्या एक्स-रेमध्ये गादी दिसत नाही आणि मज्जारज्जूही दिसत नाही. दिसतात ती हाडं आणि त्यांच्यामधली फट. फट कमी दिसली की गादी झिजली असावी असा अंदाज बांधता येतो. वयस्कर सशांच्या पाठीत अशी कमी झालेली फट, मणक्यांच्या कडांना वाढलेलं हाड, हे पुष्कळदा सापडतं, आणि त्यातले कित्येक ससे टणाटण उड्या मारत असतात. म्हणजे एक्स-रेत दिसलेली गोष्ट खरी असली तरी पाय त्याच गोष्टीने गेले असं ठरत नाही. एक्स-रेचा खरा उपयोग मोडलेला किंवा निखळलेला मणका शोधायला. तोही थोडी गुंगी देऊन, दोन बाजूंनी, ससा अगदी सरळ ठेवून काढलेला हवा. वाकडा धरून काढला तर चांगली फटही अरुंद दिसते.

गादीने मज्जारज्जू दाबला गेलाय की नाही हे बघायचं तर एमआरआय हवा, नाहीतर मणक्याच्या पोकळीत रंगद्रव्य सोडून काढलेला सीटी स्कॅन. दोन्हीला भूल लागते आणि दोन्ही सगळीकडे होत नाही.

पण त्याआधी हाताने करायची तपासणी झाली का, हे विचारा. मागच्या पायाचं बोट चिमट्यात घट्ट धरलं तर ससा काय करतो? इथे पुष्कळांची फसगत होते. पाय आखडून घेतला म्हणजे संवेदना आहे असं नव्हे. पाय आखडणं ही पाठीच्या खालच्या भागातली प्रतिक्षिप्त क्रिया आहे, मेंदूपर्यंत काही पोचलं नाही तरी ती होते. मान वळवून बघितलं, दचकला, पुढच्या पायांनी निसटायला लागला, तर वेदना मेंदूपर्यंत पोचली. ससा हा दुसऱ्याच्या तोंडचा घास असलेला प्राणी, भीतीने गोठून गप्प बसतो. म्हणून ही तपासणी शांत खोलीत, थोडा वेळ देऊन, दोनदा करावी. ही खोल संवेदना शाबूत असेल तर आशा धरायला जागा आहे. पूर्ण गेली असेल तर मात्र चित्र वाईट असतं.

डॅशंडप्रेमी
आमच्या डॅशंड कुत्र्याची गादी सरकली होती. ऑपरेशन झालं, आज पळतोय. त्याला सुरुवातीला स्टिरॉइडच दिलं होतं. मग सशाला का नको? गादी ती गादीच ना?

पशुवैद्य_वाई
सशाच्या शरीराला स्टिरॉइड फार जोरात लागतं. प्रतिकारशक्ती उतरते आणि आत दबून बसलेले आजार डोकं वर काढतात. त्यातला मुख्य आजार म्हणजे एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सूक्ष्म परजीवी. मेंदू, मज्जारज्जू, मूत्रपिंड इथे बसतो, आणि त्यानेही मागचे पाय असेच लुळे पडतात. निदान पक्कं नसताना स्टिरॉइड देणं म्हणजे तोच आजार असला तर त्याला मोकळं रान देणं. माझ्या हातात असतं तर मी मेलॉक्सिकॅमसारखं सूज आणि वेदना कमी करणारं औषध निवडलं असतं, वेदना जास्त असेल तर सोबत ब्युप्रेनॉर्फिन किंवा गॅबापेंटिन. मेलॉक्सिकॅम सशाच्या अंगातून लवकर निघून जातं, म्हणून किलोमागे मात्रा कुत्र्यापेक्षा जास्त लागते. ती सशांची सवय असलेल्या डॉक्टरांनी, मूत्रपिंडं तपासून ठरवायची. एक मात्र नक्की लक्षात ठेवा: स्टिरॉइड आणि मेलॉक्सिकॅम एकत्र कधीही नाही.

ऑपरेशनचं म्हणाल तर सशांमध्ये मणक्याची कमान काढून दाब मोकळा केल्याची उदाहरणं आहेत, पण मोजकी. कुत्र्यांइतका अनुभव त्यामागे नाही. गंमत बघा, माणसाच्या गादीची झीज अभ्यासायला प्रयोगशाळांमध्ये ससा वर्षानुवर्षं वापरला जातो, आणि घरातल्या सशाची गादी सरकली तर वाचायला फारसं काही मिळत नाही. मला याचं वाईट वाटतं.

मुग्धा_लेस्टर
डॉक्टरांशी सहमत. इकडे ब्रिटनमध्ये ससे पाळणारे भरपूर, त्यामुळे दवाखान्यात त्या परजीवीचा विचार आधी होतो. मागचे पाय गेले किंवा मान कलली की फेनबेन्डाझोल हे परजीवी मारणारं औषध २८ दिवस, हे आमच्याकडे ससेवाल्यांच्या तोंडी असतं. सायली, मी तुझ्या जागी असते तर आजच सुरू केलं असतं.

चकोर
मुग्धा, अंदाजाने २८ दिवस औषध? आधी रक्ततपासणी करून घ्यायला काय हरकत आहे? त्या औषधाने काही सशांच्या अस्थिमज्जेवर परिणाम झाल्याचंही वाचलंय.

मुग्धा_लेस्टर
तपासणी कराच, पण तिच्याकडून किती उत्तर मिळतं ते बघ. २००६ साली ब्रिटनमधल्या ९७ पाळीव सशांचं रक्त तपासलं, त्यात ५२ टक्क्यांमध्ये या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडली. म्हणजे प्रतिपिंडं असणं याचा अर्थ कधीतरी गाठ पडली होती, एवढाच. पाय त्यानेच गेले हे त्यावरून सांगता येत नाही. उलट अहवाल पूर्ण नकारात्मक आला तर तो जास्त कामाचा, कारण मग हा आजार बहुतांशी बाजूला काढता येतो.

पशुवैद्य_वाई
दोघांचंही बरोबर आहे. रक्त पाठवायचं, अहवाल येईपर्यंत औषध सुरू ठेवायचं आणि मध्ये रक्तपेशी मोजून घ्यायच्या. चकोर म्हणतात तो धोका खरा आहे, म्हणून मात्रा वजनावर मोजूनच द्यायची. आणि हा परजीवी लघवीतून पसरतो. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्यांनी पिंजरा साफ करू नये.

अबोली
दिवाळीचं लिहिते, कारण हे मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही आणि मिळायला हवं. शेजारच्या गॅलरीत सुतळी बॉम्ब फुटला. आमची ससुली पिंजऱ्यात होती. तिने दोन्ही पायांनी अशी लाथ झाडली की पिंजऱ्याची जाळी वाजली. मग ती तशीच आडवी. कुणीही हात लावलेला नव्हता. कमरेचा सातवा मणका मोडला होता. बाहेर खरचटलेलंही नाही, आत सगळं संपलेलं. खोल संवेदना गेली होती, आम्ही तिला त्रासात ठेवलं नाही.
तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की सशाच्या मागच्या पायांचे स्नायू भयंकर ताकदीचे आणि हाडं मात्र हलकी. मांजराचा सांगाडा वजनाच्या १२-१३ टक्के, सशाचा जेमतेम ७-८. त्याचीच लाथ त्याची पाठ मोडते. सायली, पिठूला असं काही झालं नव्हतं ना, पुन्हा एकदा घरात सगळ्यांना विचार. लहान मुलांना रागावून नाही, जवळ घेऊन विचार.

भिरभिरे
अबोली, वाचून गलबलून आलं. आमच्याकडे येणारे पाहुणे अजून सशाला कान धरून उचलायला जातात. आता दारावर पाटीच लावते.

रानजाई
लाव बाई, मोठ्या अक्षरांत लाव. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि ससा आपल्या पोटाला टेकलेला. मागचा भाग लोंबकळता कामा नये. उताणा करून "बघा कसा झोपला" म्हणतात ना, तो झोपलेला नसतो, भीतीने थिजलेला असतो.

सायली_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. मूत्राशय खरंच भरलेलं होतं. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या बाजूला राहणाऱ्या मावशीकडे आलोय, इथल्या एका डॉक्टरांनी बघितलं. बोट चिमट्यात धरल्यावर पिठूने डावीकडे मान वळवली आणि पुढचे पाय आपटले. मी तिथेच रडायला लागले. उजव्या पायाला प्रतिसाद कमी, पण आहे. मणका मोडलेला नाही. स्टिरॉइड दिलेलं नाही. मेलॉक्सिकॅम आणि फेनबेन्डाझोल सुरू झालं, रक्त पाठवलंय. सीटी स्कॅनचं आत्ताच ठरवायचं नाही, आणखी बिघडला तर, असं ठरलं.
मुलाला विचारलं. आदल्या दिवशी पिठू सोफ्यावरून लादीवर उडी मारताना घसरला होता म्हणे, पण लगेच उठून पळाला, म्हणून तो काही बोलला नाही.
एक शंका. सीटी करायचा झालाच तर आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असं पहिल्या दवाखान्यात सांगितलं होतं.

पशुवैद्य_वाई
अजिबात नाही! कुत्र्याला उपाशी ठेवतात ते भूल दिल्यावर उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. सशाला उलटी होतच नाही. रात्रभर उपाशी ठेवलात तर आतडं थांबेल आणि ते निस्तरणं भुलीपेक्षा अवघड. शेवटी तोंडात घास उरू नये इतपतच खाणं थांबवायचं.

मुग्धा_लेस्टर
भुलीबद्दल थोडं. सशांना भूल जोखमीची असते हे ऐकीव नाही. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या २००८ च्या एका मोठ्या पाहणीत भूल किंवा गुंगी दिलेल्या सशांत मृत्यूचं प्रमाण १.३९ टक्के होतं, कुत्र्यांत ०.१७. त्यामुळे स्कॅनने उपचार बदलणार असतील तरच तो करायचा, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवलं ते मला पटतं.

रानजाई
सायली, आता घरचं. आमच्या बुंदीला यातूनच काढली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जागा: मोठा पिंजरा नको, छोटा चौकोन आख. त्याला वळता यावं, पाय पसरून पडता यावं, पण उडी मारायला जागा नसावी. वर चढायची एकही वस्तू नको. साधारण चार ते सहा आठवडे ही विश्रांती सांगतात, पण तुझे डॉक्टर म्हणतील ते खरं.

खाली लादी नको. मेणकापड, त्यावर जुनी गोधडी, त्यावर बाळाची मऊ दुपटी. दुपटी दिवसातून जितक्या वेळा ओली होईल तितक्या वेळा बदलायची. बारदान घालू नकोस, त्याच्या धाग्यात नखं अडकतात. पडून पडून एका कुशीला जखम होते, म्हणून दर काही तासांनी कूस बदलायची.

खाणं: सुकं गवत तोंडापाशी, पाणी उथळ वाडग्यात. बाटलीपर्यंत मान उंचावायला लावू नको. खाणं मंदावलं तर सशाच्या खाद्याच्या गोळ्या भिजवून पातळ लगदा कर आणि सुईशिवायच्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडा थोडा दे. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही तर सरळ दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच्या त्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या ससा वाकून थेट स्वतःच्या ढुंगणाशी तोंड नेऊन खातो. पाठ दुखत असली की वाकता येत नाही. अंगाला चिकटलेल्या दिसल्या तर उचलून त्याच्यापुढे ठेव, त्याला त्या लागतात.

स्वच्छता: आंघोळ नाही. फक्त मागचा भाग कोमट पाण्याने, आणि मग पूर्ण कोरडा. बाळांच्या लंगोटाच्या पुरळाला लावतात ती झिंकची मलमं नकोत, चाटून पोटात जातात. पावसाळ्यात तर सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली टॉर्च मारून बघायचं. ओल्या, वास मारणाऱ्या लोकरीत माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. माशीसाठी म्हणून कुत्र्यांचं फिप्रोनिलचं औषध चुकूनही नको, सशाला ते विषारी आहे.

अण्णा_देवरुख
रानजाई, तू तर परिचारिका व्हायला हवी होतीस. तेलाचा आग्रह मी सोडला. पण मला सांगा, मुळात सशाला लादीवर सोडूच नये का? आमच्याकडे शेणाने सारवलेल्या जमिनीवर कधी घसरला नाही.

पशुवैद्य_वाई
अण्णा, हे अगदी मोलाचं बोललात. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस. गुळगुळीत लादीवर तो बर्फावर चालणाऱ्या माणसासारखा सतत अंग आवळून चालतो, आणि ताण सगळा कमरेवर. त्यात छोटा पिंजरा, हालचाल नाही, वजन वाढलेलं, म्हणजे स्नायूही कमजोर. मातीची जमीन त्याला हवीच असते. फ्लॅटमध्ये सतरंज्या तरी घालाव्यात.

घारापुरी
एका दवाखान्यात मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "झोपवा, मागचे पाय गेलेला ससा जगत नाही." मी तयारही झालो होतो. बायको अडून बसली. पाय पूर्ण आले नाहीत, पण तो पुढे कितीतरी काळ आनंदाने जगला. म्हणून सांगतो, घाई करू नका.

अबोली
घारापुरी, तुमच्या सशाचा आनंदच आहे. पण ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांनी घाई केली असं वाटू देऊ नका. आमच्याकडे थांबणं म्हणजे तिचे हाल होते.

घारापुरी
अबोलीताई, तुमच्याबद्दल नव्हतं. तपासणी न करताच सांगतात, त्याबद्दल होतं.

पशुवैद्य_वाई
मी स्वतः चार गोष्टी बघतो. खातोय का, वेदना औषधाने आवरतेय का, घरातल्यांना त्याला कोरडा आणि स्वच्छ ठेवणं जमतंय का, आणि त्याला भोवतालात रस आहे का. कोपऱ्यात तोंड करून, डोळे अर्धवट मिटून, दात करकरत बसलेला ससा वेदनेत असतो. खोल संवेदना असलेल्या सशाला मी काही आठवडे दिल्याशिवाय हा विषयच काढत नाही.

चकोर
आमच्याकडे जोडी आहे. अशा वेळी दुसऱ्या सशाला वेगळं ठेवायचं का?

रानजाई
पूर्ण वेगळं नको, झुरतात. मध्ये जाळी ठेवायची, नाकाला नाक लागेल अशी. दुसरा अंगावर चढणारा नसेल तर देखरेखीखाली शेजारी बसू द्यायचं. बुंदीचे कान तिचा जोडीदारच चाटून साफ करायचा, कारण मागच्या पायाने कान खाजवणं तिला जमत नव्हतं. एकटा ससा असेल तर ते काम आपलं.

सायली_ठाणे
धागा वर आणतेय, बऱ्याच जणांनी खासगी निरोप करून विचारलं म्हणून. रक्ताचा अहवाल आला. जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं आहेत, ताज्या संसर्गाची नाहीत. पिठू डावा पाय टेकवतो आता. उजवा अजून पालथा पडतो, पण उचलून सरळ ठेवला तर क्षणभर तसाच धरतो. शू स्वतः करतोय. काल चौकोनाच्या कडेवरून मान काढून माझ्या ओढणीची झालर कुरतडली, आणि घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
डॉक्टर, मग शेवटी गादीच होती का?

पशुवैद्य_वाई
फार बरं वाटलं वाचून. घसरल्याचा इतिहास, कमी झालेली फट, ताज्या संसर्गाची खूण नाही आणि विश्रांतीने पडलेला फरक, हे सगळं गादीकडे बोट दाखवतं. पण स्कॅनशिवाय मी छातीठोक सांगणार नाही, आणि २८ दिवसांचं औषध अर्ध्यावर सोडू नका. उजव्या पायासाठी आता हळूहळू व्यायाम सुरू करता येतील. पोटाखालून मऊ पट्टीचा आधार देऊन उभं करायचं, पाय सायकलसारखे हलवायचे, दिवसातून थोडा थोडा वेळ. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर करा. पालथा पडणारा पाय वरच्या बाजूने सोलवटतो, तिथे रोज बघत जा. सातारा-पुण्याकडच्या कुणाला असाच प्रश्न असेल तर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातही विचारून बघा.

भिरभिरे
सायलीताई, पिठूला माझ्याकडून कोथिंबिरीची जुडी! लसूणघास दिला तर चालेल का त्याला ताकदीसाठी? इथल्या बाजारात ताजा मिळतो.

पशुवैद्य_वाई
पूर्ण वाढ झालेल्या सशाला रोज नको. त्यात कॅल्शियम फार, ते सशाच्या लघवीतून बाहेर पडतं, आणि मूत्राशय नीट रिकामं होत नसेल तर गाळ साचतो. पिठूला सध्या गवत, हरळी आणि कोथिंबीरच द्या.

सायली_ठाणे
हरळी सोसायटीच्या बागेतली चालेल का? तिथे महिन्यातून एकदा फवारणी होते.

रानजाई
मग नको. कुंडीत लाव, आठवड्याभरात फुटते. माझ्याकडे चिक्कार आहे, मुळासकट देते. डोंबिवलीला ये किंवा घरच्या कुणाला पाठव.